मामांचा वस्तरा पाचव्या दाढीला का अडत होता

सांगलीच्या मामांची तक्रार एका ओळीची होती. दगडावरून आलेला वस्तरा चार दाढ्या लोण्यासारखा चालतो आणि पाचवीला केस कापायचं सोडून ओढायला लागतो. हे त्यांनी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी जरा वरमलो, कारण धार माझ्याच हातची होती. सुतारकामाच्या हौसेपायी मी पटाश्या आणि रंध्याची पाती पाजवत असतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या सुऱ्या-कात्र्या माझ्याकडेच येतात. वस्तरा १०००, ४००० आणि ८००० नंबरच्या (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) तीन दगडांवरून काढून दिला होता. मनगटावरचे केस तो न दाबता उडवत होता. म्हणजे पुण्याहून निघताना धार चांगली होती, आणि सांगलीत आठवडाभरात तिचं काहीतरी होत होतं.

वस्तरा मामांच्या वडिलांचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा. आजोबा मिरजेला रेल्वेत होते तेव्हा त्यांनी तो घेतला. मूठ शिंगाची, एका बाजूला किड्यांनी थोडी खाल्लेली. पातं ५/८ इंच रुंद, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर, आणि दोन्ही अंगांनी खोलगट घासून इतकं पातळ केलेलं की अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून दाबली तर काठ लवलेला दिसतो. मामांचं निदान ठरलेलं होतं: "पोलादाचा दम संपलाय रे." पोलादाचा दम असा संपत नाही. ते तापून नरम पडलं नसेल, तर पन्नास वर्षांपूर्वीचा कडकपणा आजही तसाच असतो.

एका शनिवारी सांगलीला गेलो आणि मामांची दाढी पूर्ण होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. मामा निवृत्त शिक्षक, त्यामुळे कुणी बघत असलं की हात जास्तच जोरात चालतो. दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवून धार सरळ करतात तो चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवलेला होता. तो त्यांनी डाव्या हातात धरला आणि सटासट, सटासट, सिनेमात दाखवतात तसा वस्तरा त्यावर मारला. आवाज छान येत होता. मला तो आवाजच खटकला.

दाढी झाल्यावर सोनार वापरतात तसलं छोटं भिंग घेऊन मी धार दिव्याखाली धरली. धार नीट असेल तर काठ दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. इथे बुडापासून टोकापर्यंत केसाहून बारीक पांढरी रेघ होती. काठ गोल झाला होता. आणि रेघ मधल्या भागात ठळक, दोन्ही टोकांना फिकी. दाढी करताना झिजला असता तर वस्तरा गालावर जास्त चालणाऱ्या भागात, टोकाकडे, आधी झिजला असता. मधोमध गोलावा आणणारी वस्तू घरात एकच होती.

पट्ट्याचं शवविच्छेदन

पट्टा काढून टेबलावर ठेवला. रुंदी ४५ मिलिमीटर, चामडं मऊ, वरून काळा चकचकीत रंग. मागच्या बाजूला जाड पांढरी फीत शिवलेली. मामांनी तो बाजारातून "वस्तऱ्याचा पट्टा" म्हणूनच घेतला होता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

पहिली गोष्ट: खालच्या टोकाची कड ब्लेडनं तिरकी कापून बघितली. आतला गाभा निळसर राखाडी निघाला. हे क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्याचं लक्षण. क्रोमचं चामडं एक-दोन दिवसांत तयार होतं, मऊ राहतं, पाण्याला टिकतं. बुटाच्या वरच्या भागाला आणि पर्सला उत्तम. पण ते ताणलं जातं. सालींच्या आणि फळांच्या रसात कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, घट्ट असतं आणि ताणायला तितकं तयार नसतं. मी पट्टा वर अडकवून खाली हातानं ओढला आणि मोजपट्टी लावली. ५० सेंटिमीटरला दीड सेंटिमीटर लांबला.

दुसरी गोष्ट: पांढऱ्या फितीचा एक दोरा काढून काडी लावली. तो वितळून त्याचा काळा मणी झाला. सुती किंवा लिननचा (जवसाचा) धागा जळून राख होतो, मणी होत नाही. म्हणजे ती फीत नायलॉन-पॉलिएस्टरची, गाडीच्या सीटबेल्टच्या भावंडांतली. असली घट्ट फीत चालते म्हणणारेही आहेत, पण ही फीत गुळगुळीत होऊन वस्तऱ्याखालून नुसती सरकत होती, घासत काहीच नव्हती.

तिसरी गोष्ट चामड्यावरच लिहिलेली होती. खालच्या टोकाला सहा-सात चंद्रकोरीसारख्या चिरा. फेरीच्या शेवटी वस्तरा उलटा करताना तो पाठीवर, म्हणजे धारेविरुद्धच्या जाड कडेवर, गडगडवायचा असतो. मामा घाईत धारेवर उलटवत होते.

आता हे सगळं काठ गोल होण्याशी कसं जोडायचं? वस्तऱ्याला धारेचा कोन हातानं धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही टेकवली की कोन ठरून जातो. मामांच्या वस्तऱ्याची पाठ ४.५ मिलिमीटर जाड आणि पात्याची रुंदी १६, त्यावरून कोन साधारण १६ अंश येतो. दगडावर तो कायम राहतो कारण दगड वाकत नाही. पट्टा ढिला असेल तर पात्याच्या वजनानं आणि हाताच्या दाबानं त्याला झोळ येतो, आणि मग चामडं धारेच्या काठावरून वर गुंडाळतं. काठ सपाटीवर घासला न जाता वळणावर घासला जातो. मामा एका दाढीआधी शंभरेक फेऱ्या मारायचे. चार दाढ्या म्हणजे चारशे वेळा काठ वळणावर.

पट्ट्याचं काम तसं माफक आहे. दाढी करताना काठ सूक्ष्म प्रमाणात वाकतो, आणि साबण, पाणी, घामातलं मीठ यांनी त्यावर गंजाचा न दिसणारा थर चढतो. पट्ट्यामागचं कापड तो थर पुसून काढतं, चामडं वाकलेला काठ सरळ करतं आणि गुळगुळीत ठेवतं. म्हणून क्रम आधी कापड, मग चामडं, आणि दिशा नेहमी पाठ पुढे, धार मागे. बोथट वस्तरा पट्ट्यावर धारदार होत नाही. धारदार वस्तरा मात्र पट्ट्यावर आठवड्यात बोथट होऊ शकतो, हे आम्ही सिद्ध करूनच बसलो होतो.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणाऱ्या सत्तरीच्या काकांना पट्टा दाखवला. त्यांनी तो हातावरून एकदाच ओढला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो पट्टा कमरंचा हाय."

मामा म्हणाले, "दुकानदार म्हणाला वस्तऱ्याचा."

"त्यो इकनारच की. आमच्या आबांचा पट्टा म्हशीच्या कातड्याचा हुता. फळीसारका कडक. धोकटीत गुंडाळूनसुदिक ठिवायचे न्हाईत, उभा टांगायचे." मग वस्तरा मागून घेऊन त्यांनी तळहातावर दोन-चारदा अलगद फिरवला, इतक्या सावकाश की मला मोजता आलं. मामांच्या दहा फेऱ्यांत त्यांची एक. त्यांच्या स्वतःच्या दुकानात आता पट्टा नाही. ब्लेड मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात घालायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकायचं. ते बरोबरच आहे. रक्त लागलेला पट्टा उकळून काढता येत नाही, आणि रक्तातून होणारी कावीळ पसरायला तेवढंच पुरतं. घरचा वस्तरा आणि घरचा पट्टा हे एका माणसाचं प्रकरण आहे, मामांनी तो जावयालाही देऊ नये.

कोणतं चामडं

इथे आमचा बराच वेळ गेला, आणि खरं सांगायचं तर मजाही इथेच आली.

वाचायला बसलं की पहिली भुरळ घोड्याची पडते. कॉर्डोव्हान म्हणजे घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातडीच्या आत असलेला घट्ट तंतूंचा थर. नाव स्पेनमधल्या कोर्दोबा शहरावरून आलं. शिकागोची हॉर्वीन ही १९०५ पासूनची टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याचा कारखाना, त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे एक तुकडा तयार व्हायला सहा महिने लागतात. काही जपानी पट्टेही याच थराचे असतात, आरशासारखे. मी किंमत सांगितली तेव्हा मामा म्हणाले, "घोड्याच्या ढुंगणाला एवढे?" आणि तो विषय मिटला. माझं कारण वेगळं होतं. मामांनी जुन्या पट्ट्यावर काढलेल्या चंद्रकोरी मी मोजल्या होत्या. त्यातली पहिली नव्या पट्ट्यावर पंधरवड्याच्या आत उमटणार हे मला दिसत होतं.

दुसरं नाव 'रशियन' चामडं, जर्मनीत यूख्टन. मूळचं रशियन चामडं बर्च झाडाच्या सालीच्या तेलानं मुरवलेलं असे, त्याला धुरकट वास असे आणि त्याला कीड लागत नसे. आज बाजारात या नावानं जे मिळतं ते बहुतेक वेळा साधं गाईचं चामडं असतं, नाव फक्त त्याच्या वरच्या पोताचं. वाईट नसतं. पण नावासाठी जादा पैसे देऊ नयेत.

मला स्वतःला कोल्हापूरचा मोह होता. सांगलीहून तासा-दीड तासावर कोल्हापूर, आणि कोल्हापुरी चपलेचं म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात तो अर्क भरतात आणि टांगून ठेवतात; अर्क आतून झिरपत राहतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जाऊन तळाच्या कातड्याची एक पट्टी आणली आणि आमची पहिली चूक झाली. कातडं अस्सल, गाभा तपकिरी, ताण शून्य, पण ते तळव्यासाठी केलेलं होतं. जाडी एका टोकाला ३.५ तर दुसऱ्याला ५ मिलिमीटर. मध्ये मानेकडची एक सुरकुती आडवी गेलेली. वस्तरा त्यावर टेकवून दिव्याकडे धरला तर पात्याखालून तीन ठिकाणी उजेड दिसला. चपलेच्या तळाला त्यानं काहीच बिघडत नाही, तो पायाखाली दबून सपाट होतो. १६ अंशांच्या काठाला मात्र तो चढउतार झेपत नाही. दोन दिवस काचकागदानं घासलं, मग त्याच्या चाव्या अडकवायच्या वाद्या केल्या.

तोवर एक गोष्ट डोक्यात पक्की झाली होती: प्राणी कोणता यापेक्षा ते चामडं कशासाठी कमावलंय ते विचारावं. न ताणणारं, एकसारख्या जाडीचं, लांब पट्ट्यांत कापलेलं चामडं कुणाला लागतं? लगाम करणाऱ्याला. लगाम ताणला गेला तर घोडा हातातून जातो. पुण्यात रेसकोर्स असल्यामुळे खोगीर-लगाम दुरुस्त करणारे हात अजून आहेत. कॅम्पातल्या अशाच एका कारागिराकडे कानपूरहून येणारं म्हशीचं चामडं होतं. कानपूरचं खोगीर-लगामाचं काम जुनं आणि नावाजलेलं, त्यालाही मानांकन आहे. त्यांनी पाठीच्या भागातून, कण्याला समांतर, ३ इंच रुंद पट्टी काढून दिली. पोटाकडचं चामडं सैल असतं, तिकडे ते गेलेच नाहीत, मला सांगावंही लागलं नाही. जाडी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मोजली, ३ मिलिमीटर, फरक नखाएवढाही नाही. ओढून बघितलं, ५५ सेंटिमीटरला २ मिलिमीटर.

रुंदीवर मी अडून बसलो होतो. वस्तऱ्याचं पातं साधारण ३ इंच लांब असतं. पट्टा २ इंचांचा असला तर प्रत्येक फेरीत पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं, म्हणजे बुडाकडून सुरुवात आणि टोकाशी शेवट. जुने न्हावी ते डोळे मिटून करत. मामांना ते कधीच जमलं नव्हतं, म्हणून तर मधला भाग दुप्पट घासला जाऊन ती पांढरी रेघ मध्ये ठळक झाली होती. ३ इंचांवर पातं सरळ न्यायचं, सरळ आणायचं.

एक अडचण निघाली. लगामाच्या चामड्यात मेण-चरबी मुरवलेली असते, त्यामुळे नव्या पट्ट्यावर वस्तरा घसरत होता. चामड्यानं पात्याला हलकं धरून ठेवलं पाहिजे, हाताला थोडी ओढ लागली पाहिजे. खूप ओढ असेल तर नवशिक्याचा हात डगमगतो, मुळीच नसेल तर काम होत नाही. ६०० नंबरचा काचकागद ठोकळ्याला गुंडाळून मी वरचं मेण जेमतेम काढलं, काचेच्या बाटलीनं दाबून घोटलं आणि पुढचे आठ दिवस जाता-येता तळहात फिरवत राहिलो. तळहाताचं तेल आणि ऊब याहून दुसरं काही लावलं नाही. आठव्या दिवशी ओढ आली.

आणि कापड

कापडाकडे लोक पट्ट्याचं अस्तर म्हणून बघतात. मीही बघत होतो.

लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठातला धागा. मामी हे ऐकून हसल्या: "जवसाची चटणी ठाऊक आहे, कापड कधी नेसले नाही." विदर्भात जवस पिकतो, पण तो तेलाच्या बियांसाठी. ते झाड बुटकं आणि फांद्यांचं. धाग्याचं जवस दाट पेरतात, ते उंच, सरळ, बिनफांद्यांचं वाढतं. त्याचा धागा कापसापेक्षा लांब आणि ताठ असतो, त्याला लव कमी सुटते आणि तो ताणला जात नाही. पट्ट्याला हेच हवं. शिवाय तो खरखरीत असतो, आणि ती खरखर गंजाचा थर काढते.

मिळवायला सोपं निघालं. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात लिननचा कॅनव्हास मीटरवर मिळतो. फक्त पांढरा थर न दिलेला, कोरा मागायचा. त्याला खळ असते. गरम पाण्यात दोनदा धुतला, अर्धवट ओला असतानाच कडक इस्त्री केली आणि मामींनी दुहेरी करून चारही बाजूंनी शिवून दिला. शिवण काठावर ३ इंचांच्या बाहेर ठेवली, नाहीतर वस्तरा तिच्यावर चढतो. वरच्या कडीत चामडं आणि कापड एकत्र अडकवलं, खाली दोन्ही मोकळी. पट्टा आता खिडकीच्या सागवानी चौकटीतल्या हुकाला, बेंबीच्या उंचीवर.

हिरवी पेस्ट लावा असा सल्ला एका परिचितानं दिला. ती क्रोमियम ऑक्साइडची, अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे फार बारीक दगडच. रोजच्या पट्ट्यावर ती लावली की पट्टा रोज थोडं पोलाद खातो आणि पेस्ट पुसून काढता येत नाही. नको म्हटलं.

काय फरक पडला

वस्तरा पुन्हा ८००० वर काढून दिला. मामांना अट घातली: कापडावर २० फेऱ्या, चामड्यावर ५०, पाठीवर उलटवायचं, पट्टा झोळ जाईल इतकाच ताणायचा, आणि आवाज आला तर चूक. मामा एक दिवसाआड दाढी करतात. कालनिर्णयच्या चौकटीत प्रत्येक दाढीला फुली आणि अडली तर गोल.

पण पट्टा आणि हात एकदम बदलले, मग गुण कुणाचा? म्हणून आधी पंधरवडाभर जुनाच पट्टा नव्या पद्धतीनं, घट्ट धरून, सावकाश वापरायला लावला. सातव्या दाढीला गोल आला. म्हणजे मामांचा हात सुधारल्यानं दोन-तीन दाढ्या वाढल्या, बाकीचं दुखणं पट्ट्याचंच. मग वस्तरा दुरुस्त करून नवा पट्टा दिला. पहिला गोल एकेचाळिसाव्या दाढीला, आणि तोही "जरासा". भिंगाखाली पांढरी रेघ नव्हती. ८००० वर दहा फेऱ्यांत काम भागलं.

जुलैत मात्र एक अनुभव आला. कापडावर हिरवट ठिपके पडले, भिंतीला ओल होती. मामांनी कापड काढून ठेवलं आणि नुसत्या चामड्यावर भागवलं. अकराव्या दाढीला गोल! धार भिंगाखाली सरळ होती, पण काठावर तांबूस टिंबं. कापड धुऊन, वाळवून पुन्हा लावलं, ३० फेऱ्या मारल्या, आणि दगड न लावता दाढी नीट झाली. त्या दिवशी मामींनी मला विजयी नजरेनं बघितलं, कारण शिवण त्यांची. पट्टा आता पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोरड्या भिंतीवर असतो आणि वस्तऱ्याला दाढीनंतर खोबरेल तेलाचा एक थेंब.

चंद्रकोर उमटली ती तिसऱ्या आठवड्यात, ४ मिलिमीटरची, खालच्या टोकाशी. उचललेली पापडी चामड्याच्या गोंदानं बसवली, ६०० च्या कागदानं सपाट केली. आता बोटाला लागत नाही. मामांनी ती स्वतःहून फोनवर सांगितली नाही, मला जाऊनच दिसली.

एकूण खर्च कातड्याचे ६५०, कापडाचे ३२०, कड्या आणि हुक मिळून ८०. वाया गेलेलं कोल्हापूर वेगळं. पुन्हा करायचं झालं तर एकच बदल करेन: चामडं १५ सेंटिमीटर जास्त घेईन. हाताची पकड आणि वरची कडी मिळून ५५ सेंटिमीटरमधलं बरंच खातात, आणि मामांना दर फेरीला हात आखडता घ्यावा लागतो.